लोटलेल्या दाराचं दुसरं कडवं

औषधाच्या दुकानात, रांगेत उभ्या असलेल्या ऑर्मिन्दाच्या तोंडून एक शब्द निघून गेला आणि तो तिथं एकटाच लोंबकळत राहिला. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी ती आली होती. पुढं दोन माणसं होती, पंखा फिरत होता, आणि वजनकाट्यामागं ठेवलेल्या रेडिओवर ‘लोटलेलं दार’ लागलं होतं. ते गाणं लागलं की ती आपसूक गायला लागे. आपल्या नावानं कुणी हाक मारली की मान वळते, तसं. पहिलं कडवं संपलं. दुसऱ्यासाठी तिनं छाती भरून घेतली आणि इतकी वर्षं जो शब्द म्हणत आली तो म्हणाली, ‘चांदणं’. पण रेडिओतली पोरगी चांदण्याकडं गेलीच नाही. ती म्हणाली, ‘आलो, बघ, पाय पुसून आलो.’ पुढचा माणूस वळून बघायला लागला. दुकानदार हसला. “मावशी, चुकलात की! नवी रेकॉर्ड आहे ही. खरं दुसरं कडवं सापडलंय म्हणे. पिलारेस वस्तीतल्या कुण्या म्हाताऱ्या बाईला पाठ होतं. तुमच्या मिरोंचंच ना हे गाणं? तुम्हाला तर ठाऊकच असणार.” “असणारच,” ऑर्मिन्दा म्हणाली. आणि गोळ्या न घेताच बाहेर पडली. दुकानदार पाकीट हलवत चौकापर्यंत मागं आला तेव्हा तिला वाटलं, हा अजून काही सांगायला येतोय, आणि तिनं पाय उचलले.

घरी येऊन तिनं घेवडा भिजत घातला, दोऱ्या सोडवल्या, वाळलेले कपडे आत आणले, आणि ही सगळी कामं करताना एकच ओळ डोक्यात माशीसारखी फिरत राहिली. पाय पुसून आलो. कुठं आलास? कुणाच्या पायपुसण्यावर? तिच्या नवऱ्याला, मिरोला, लिहिता येत नव्हतं, तिलाही नव्हतं. तो फरशा बसवायचा. दिवसभर गुडघ्यांवर बसून सिमेंट फासायचा आणि तोंडानं सूर जुळवत राहायचा. संध्याकाळी घरी आला की हात न धुताच तिला समोर बसवायचा आणि गायचा. एकदा, दोनदा, तिला येईपर्यंत. मग म्हणायचा, “ठेव आता नीट.” आणि खरंच विसरून जायचा. त्याचं डोकं चाळणीसारखं होतं, कालचं आज राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातूनच विचारायचा, “ऑर्मिन्दा, काल काय होतं गं?” ती चुलीपासून न हलता गाऊन दाखवायची. तो डोळे मिटून ऐकायचा, दुसऱ्याच कुणाचं गाणं ऐकतोय असा, आणि म्हणायचा, “बरंय की. कुणाचं?” दोघं हसायची. लग्नात तिला अंगठीसुद्धा धड मिळाली नव्हती, पण हा प्रश्न तिचा होता. तो दुसऱ्या कुणाला विचारता येईल असं तिच्या मनात कधी आलंच नव्हतं. दुसऱ्या बायकांवर तिनं लक्ष ठेवलं होतं. त्याच्या सदऱ्याचा वास घेतला होता, सांबाच्या शाळेतल्या नाचणाऱ्या पोरींना नजरेनं जाळलं होतं, एकदा तर पावाच्या दुकानातल्या बाईला भर रस्त्यात ऐकवलं होतं. पण ती सगळी पहारेदारी शरीराची होती. प्रश्नावर पहारा ठेवायला हवा होता हे तिला आता, या वयात कळत होतं.

त्या काळी सांबाच्या शाळेच्या, म्हणजे वस्तीतल्या नाचगाण्याच्या मंडळाच्या, अंगणात नवं गाणं आलं की त्याचा निकाल बायांच्या हातात असे. पुरुषानं उभं राहून एकट्यानं गायचं, ढोलवाल्यांनी बोटं आवरून थांबायचं, आणि बायांनी ऐकायचं. बायांनी उचललं तर गाणं जगलं. नाही उचललं तर त्यानं टोपी घालावी आणि घरी जावं, कुणी काही बोलायचं नाही. ‘लोटलेलं दार’ त्यानं अंगणात आणलं त्या दुपारी त्याच्याजवळ एकच कडवं होतं. दार नुसतं लोटून ठेव, कडी घालू नकोस, मी येतोच आहे. एवढंच. ‘मी’ आणि ‘येतोच’ यांच्यामध्ये त्याचा श्वास तुटायचा. सिमेंट छातीत बसलं होतं, ओळ एका दमात जायची नाही. ऑर्मिन्दानं पहिल्यांदा उचललं, आणि त्याच ठिकाणी श्वास घेतला, कारण तिला तसंच दिलेलं होतं. मग बाकीच्या बायांनी उचललं, मग ढोल आले. बायांचे आवाज पत्र्याला जाऊन लागले आणि तिला वाटलं, आता हे दार आपलं. आपल्याच घराचं. कडी नसलेलं, ओलं झालं की फुगणारं ते दार सगळी वस्ती गात होती. दुसरं कडवं कुठाय असं तिनं त्याला विचारलं होतं. “येईल,” तो म्हणाला होता. “येतंय हळूहळू.” ते आलंच नाही असं ती धरून चालली.

पुढं त्या दाराला कितीजण येऊन हात लावून गेले. पहिल्यांदा रेडिओवाले आले. त्यांच्या एका पियानोवाल्यानं चांदण्याचं दुसरं कडवं चिकटवलं, आपलं नाव मिरोच्या नावाशेजारी लावलं, आणि एउरिको सांतेल्मो नावाच्या मिशाळ गायकानं ते व्हायोलिनांच्या गराड्यात गायलं. त्याचा दम घोड्यासारखा. ‘मी येतोच आहे’ त्यानं एका श्वासात असं ओढून नेलं की लोक टाळ्या वाजवायचे. ऑर्मिन्दाला ते ऐकून कुणीतरी आपलं लुगडं नेसून रस्त्यानं चाललंय असं वाटलं होतं. नंतर समुद्राकाठच्या इमारतीतली एक मुलगी गिटार मांडीवर घेऊन तेच गाणं कुजबुजली, जणू दाराआड कुणी झोपलंय. मग परदेशातल्या एका बँडनं शब्दच काढून टाकले आणि ते पितळी वाद्यांवर वाजवलं. कितीतरी दिवस ते मोठ्या दुकानांच्या लिफ्टमध्ये वाजायचं, ती वर जाई आणि दार खाली राही. शेवटी शाळेच्या जुन्या मंडळींची तबकडी निघाली, तीत मागं बायांच्या आवाजात तिचा आवाज होता. काचेपलीकडून ध्वनिमुद्रणवाला म्हणाला होता, “मावशी, मध्येच श्वास नका ना घेऊ, ओळ तुटते.” ती म्हणाली होती, “तुटायचीच आहे ती.” आणि पुन्हा तिथंच घेतला. त्या तबकडीवर कान लावला तर बायांच्या घोळक्यात एक बाई मध्येच थांबते. तेवढी ती. तबकडीच्या पाकिटावर तिचं नाव नव्हतं, पण ती फट होती, आणि ती फट फक्त तिच्याजवळ होती. सांतेल्मोचा तिनं द्वेष केला, कुजबुजणारीचा केला, पितळी बँडचाही केला, पण तो आरामाचा द्वेष होता. गाणं नेणाऱ्यांनी वरचं वर नेलं होतं. आतलं घरात होतं.

“आई, बाबांना जाऊन इतकी वर्षं झाली,” सेलेस्ते, तिची मुलगी, भांडी पुसत म्हणाली. “आता कुणाशी भांडतेयस?”

“मेलेल्याशी. बरं पडतं. उलट बोलत नाही.”

“एका बाईला चार ओळी आठवल्या, एवढंच झालंय. गाणाऱ्या माणसानं कुठंही गायलं असेल. शेजारी ऐकलं असेल भिंतीतून.”

“भिंतीतून सूर येतो. शब्द येत नाहीत.”

“मग तुझ्या लेखी काय झालं असेल?”

 ऑर्मिन्दाच्या लेखी काय झालं असेल हे तिनं त्या दोन दिवसांत इतक्या बारकाईनं पाहिलं होतं की सांगायला बसली असती तर सेलेस्तेला उठून दार लावावं लागलं असतं. आणि गंमत अशी की त्यातल्या अंथरुणाचं तिला काही वाटत नव्हतं. ते तर काय, असेलही. तिला दिसायचं ते एक टेबल, दोन पेले, आणि मिरो डोळे मिटून ऐकतोय. समोरच्या बाईला चेहरा नव्हता. ती गात होती आणि मिरो म्हणत होता, बरंय की, कुणाचं?

नव्या रेकॉर्डवाली पोरगी, मायारा, तिचा फोन आला. बोलणं गोड, पण घाईचं. “मावशी, रविवारी शाळेत फेजोआदाचं जेवण आहे, याल ना? झेनाइदेमावशी पण येतायत, पिलारेसच्या. जुन्या मंडळींची नवी तबकडी निघतेय. त्यात बायांनी कुठलं दुसरं कडवं गायचं ते तुम्ही ठरवायचं असं सगळ्यांचं म्हणणं आहे. तुम्ही म्हणालात हे मिरोंचं नाही, तर नाही. चांदणंच ठेवू.”

“रेडिओवर लावलंस तेव्हा नाही विचारलंस.”

“दोनदा आले होते मावशी. तुम्ही म्हणालात, या गाण्यात मला माहीत नाही असं काही नाही, आणि दार लावून घेतलंत.”

हे खरं होतं, म्हणून ऑर्मिन्दाला त्या पोरीचा आणखी राग आला. पण फोन ठेवल्यावर तिला बरंही वाटलं. रेडिओवर ती पोरगी कुठंच अडखळली नव्हती. पाय पुसून आलो, सगळं कसं गुळगुळीत, एका दमात. मिरोचं कडवं असं असूच शकत नाही. मिरोच्या कुठल्याही कडव्यात एक तरी ठिकाण असं असणार जिथं माणूस बुडून वर येतो. हे खोटं होतं. कुण्या एकट्या म्हातारीनं रचलेलं, प्रसिद्धीसाठी. रविवारी ती जाईल, ऐकेल, आणि अंगणात पूर्वी जे करायचे ते करील. तोंड मिटून बसेल. तिच्या ओठांकडं बघून बाकीच्या बाया तोंड मिटतील. मग त्या झेनाइदेनं टोपी घालावी आणि घरी जावं. या विचारानं तिला दोन रात्री छान झोप लागली.

रविवारी दुपारी शाळेच्या अंगणात पत्र्याखाली लांब टेबलं मांडली होती. घेवड्याच्या काळ्या रश्श्यातून वाफ निघत होती, ताटांतून संत्र्याच्या फोडी आणि भाजलेलं कसाव्याच्या कंदाचं पीठ फिरत होतं, आणि लोक इतक्या मोठ्यानं बोलत होते की आपल्या बाजूचा माणूसही लांबचा वाटावा. मायारानं तिला हाताला धरून नेलं. झेनाइदे बसलेली होती. ती बुटकी, रुंद, पायांना सूज आलेली बाई होती, कवळी जरा मोठी, आणि पुढ्यातल्या ताटातलं डुकराचं कातडं ती सुरीनं निगुतीनं बाजूला काढत होती. ऑर्मिन्दानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ती एके काळी देखणी असावी अशी एखादी खूण शोधली, पण सापडली नाही. देखणी असती तर सोपं झालं असतं. देखण्या बाईकडं पुरुष कशाला जातो हे कुणालाही कळतं.

“तू ऑर्मिन्दा,” झेनाइदे म्हणाली. “बस की. माझ्या पायांमुळं मी उठत नाही, राग मानू नकोस.”

“ओळखलंत बरं.”

“आवाजावरून. आल्या आल्या त्या पोराला ओरडलीस ना, खुर्ची सरकव म्हणून. तो म्हणायचा, माझ्या बायकोच्या आवाजाला धार आहे, पाव कापता येईल.”

“कधी म्हणायचा?”

“माझ्याकडं फरशी बसवत होता तेव्हा. स्वयंपाकघरात, मागच्या खोलीत, मग न्हाणीघरात.”

“फरशी बसवायला किती दिवस लागतात?”

झेनाइदेनं तिच्याकडं पाहिलं आणि कवळीवर हात धरून हसली. “त्याला? बरेच. गाणं अडलं की हात अडायचे. माझा नवरा म्हणायचा, हा माणूस सुरानं फरशी मोजतो. नवरा होता हो माझा तेव्हा. जागचा उठायचा नाही, पण होता.”

“आणि तुम्हाला कडवं पाठ राहिलं. इतकी वर्षं.”

“राहणारच. सकाळी विचारायचा ना. काल काय होतं गं, म्हणून.”

ऑर्मिन्दानं काटा ताटात ठेवला. सकाळी म्हणजे कामावर आल्यावर? की सकाळी म्हणजे उठल्यावर? एवढा एकच प्रश्न विचारायला ती इथवर आली होती असं तिला त्या क्षणी वाटलं, आणि तरीही तिनं तो विचारला नाही. कारण उत्तर कुठलंही आलं असतं तरी काही फरक पडत नव्हता. ‘गं’ तर आलाच होता. ‘काल काय होतं गं.’ तोच शब्द, तिथंच, शेवटी. झेनाइदे पुन्हा कातडं सोलायला लागली होती. तिच्या वागण्यात कुठं जिंकल्याची खूण नव्हती, लाजही नव्हती. ती आपली एखाद्या शेजारणीची उसनी परात परत करायला आल्यासारखी बसली होती.

ताटं हलली, टेबलं कडेला लागली, वाद्यं आली. जुनी मंडळी गोल करून बसली, मागं बाया उभ्या राहिल्या. आता त्यांच्यात जुन्या अशा तीन-चारच उरल्या होत्या, बाकी लेकी, सुना. पहिलं कडवं सगळ्यांनी गायलं. ऑर्मिन्दानं तिच्या जागी श्वास घेतला. मग मायारानं हात वर केला, ढोल थांबले, आणि ती म्हणाली, “पुढचं मी नाही गात. झेनाइदेमावशी गातील, त्यांनी ऐकलं तसं.” ऑर्मिन्दानं ओठ मिटून घेतले. शेजारच्या बाईनं ते पाहिलं, तिच्या शेजारच्या बाईनं तिला पाहिलं. झेनाइदेनं खुर्चीतूनच सुरू केलं. आवाज बारीक, कापरा, गाणाऱ्या बाईचा नव्हेच. आलो, बघ, पाय पुसून आलो. कुठं होतो ते इथं कुणी

आणि तिथं ती थांबली. भरल्या ओळीत, जिथं कुठलाही गाणारा थांबणार नाही अशा ठिकाणी, तिनं छाती उचलून श्वास घेतला, आत जाताना किंचित शिट्टी वाजवणारा, आणि मग ‘विचारत नाही’ म्हणाली.  तो श्वास झेनाइदेचा नव्हता. झेनाइदेला पुढच्या लांब ओळीत दम पुरत होता, तिथं ती थांबली नाही. तो त्याचा होता, सुरासकट दिलेला, आणि तिनं जसा मिळाला तसा जपला होता. शिट्टीसुद्धा. शिट्टी ऑर्मिन्दानं जपली नव्हती. तिला ती आजारपणाची वाटायची, गाण्यातली नाही. झेनाइदे पुढं गात गेली. कॉफीवर बशी झाकलेली, खुर्ची तिथंच ठेवलेली, एवढ्यासाठीच तर येतो माणूस. ‘माणूस’वर सूर हळूहळू खाली उतरला आणि बसला. थकलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीत बसतो, अगदी तसा बसला, आणि उठेल असं वाटेना.

तर असं होतं. तिच्याकडं त्यानं निघणं ठेवलं होतं आणि या बाईकडं पोचणं. ऑर्मिन्दानं आयुष्यभर त्याला विचारलं होतं, कुठं होतास? दारातच, हात कमरेवर ठेवून. इथं कुणी विचारत नाही. इतकी वर्षं जे दार ती आपलं म्हणून गात आली ते आपलंच होतं, पण ते मागं टाकून जायचं दार होतं.

“मावशी?” मायारा म्हणाली. सगळं अंगण तिच्याकडं बघत होतं. “मिरोंचंच आहे ना?”

नाही म्हणणं फार सोपं होतं. ओठ मिटलेलेच होते. पण श्वास सगळ्यांनी ऐकला होता, आणि अंगणात तिच्याखेरीज आणखी एकदोन म्हातारे असे होते की ज्यांना तो ओळखू आला असेल. आणि खोटं बोलायचं तर या म्हातारीसमोर बोलायचं, जी इतक्या शांतपणे तिच्याकडं बघत होती.

“त्याचंच आहे,” ऑर्मिन्दा म्हणाली. अंगणात एक हुंकार फिरला. ती थांबली नाही. “पण शेवट चुकलाय. ‘माणूस’वर सूर खाली नाही बसत. वर जातो.”

“वर?” मायारा म्हणाली.

“वर. असा.” आणि तिनं गाऊन दाखवलं. सूर पायरीवरून उचलला आणि हवेत तसाच सोडून दिला. तो कुठंच टेकला नाही. माणूस उंबऱ्यात उभा राहिला, टोपी हातात घेऊन, आत येऊ की नको असा. तिला स्वतःलाच कळलं की हे वाईट नाही. कदाचित मिरोनंही मान हलवली असती. बरंय की, कुणाचं?

“पण झेनाइदेमावशी तर...”

“तिला फरशीच्या आवाजात ऐकू आलं नसेल,” ऑर्मिन्दा म्हणाली. आता तिनं मान वळवून थेट झेनाइदेकडं पाहिलं. भांड, म्हणावं. उठ त्या सुजलेल्या पायांवर आणि सगळ्यांसमोर म्हण की ही बाई खोटं बोलतेय. एकदा तरी तुलाही हवंय असं दिसू दे.

झेनाइदेनं ओठांवरून हात फिरवला. तिला सगळं समजलं होतं, हे ऑर्मिन्दाला इतकं स्पष्ट दिसलं की तिनं नजर काढून घेतली. “असेल,” झेनाइदे म्हणाली. “घरची बाई ती. तिला जास्त ठाऊक.” आणि तिनं पुन्हा सुरू केलं. श्वास त्याच ठिकाणी, शिट्टीसकट. शेवटाला आली आणि सूर वर नेला, अगदी ऑर्मिन्दानं नेला तसा, एका कणाचाही फरक न करता. एकदाच ऐकलेलं तिनं तसंच्या तसं दिलं. ते ऐकून ऑर्मिन्दाला कळलं की मिरोनं हिला का निवडलं होतं.

“उचला,” कुणीतरी म्हणालं. बायांनी ऑर्मिन्दाकडं पाहिलं. तिनं तोंड उघडलं आणि कडवं उचललं, मग सगळ्यांनी उचललं, ढोल आले, पत्रा थरथरला. मिरो वर गेला आणि उंबऱ्यात थांबला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा उंबऱ्यात. आता रेकॉर्डवर असंच राहील, आणि पुढं जो कुणी गाईल तो त्याला असंच उभं ठेवील. लोक येऊन तिचे खांदे थोपटत होते. मायाराच्या डोळ्यांत पाणी होतं. ऑर्मिन्दा गात होती, तिच्या आवाजाला धार होती, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून तिला दिसत होतं की झेनाइदेचा भाचा तिला उठवतोय, काठी हातात देतोय, गाडीकडं नेतोय. ती बाई वळून पाहत नव्हती. तिला घाई नव्हती. ती पिलारेसला जाईल, स्वयंपाकघराचा दिवा लावील, कॉफी टाकील, बशी झाकील. भिंतीपलीकडं कुणी ऐकणारं नसेल. आणि मग तो सूर हळूहळू खाली उतरवून, जिथं बसायचा तिथं बसवील.